गुरुजींची कुंडी

कोकणातल्या एका गावात एक गुरुजी होते. मोठे मायाळू. कुणी मागे पडलेलं दिसलं, की ते त्याला दुप्पट द्यायचे.

त्यांच्या वर्गात एक मुलगा गणितात कच्चा होता. गुरुजींनी त्याला घरी करायला दहा गणितं दिली. आठ चुकली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वीस दिली. ती सगळीच चुकली. गुरुजी रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेऊ लागले.

वैशाखात वळवाचा पाऊस आला. वाऱ्याने गावातल्या जुन्या आंब्याची फांदी मोडली. त्या फांदीवर सीतेची वेणी नावाच्या ऑर्किडचं रोप होतं. मुलाने ते रोप अलगद सोडवलं आणि गुरुजींना नेऊन दिलं.

शेजारी म्हणाला, "गुरुजी, हे बांडगूळ कशाला घरात?"

गुरुजींनी ऐकलं नाही. त्यांनी चांगली मोठी कुंडी आणली. तिच्यात काळी माती भरली, वर शेणखत घातलं आणि रोपाची मुळं खोल पुरून टाकली. कुंडी पडवीत ठेवली. रोज सकाळी एक तांब्या पाणी.

ज्येष्ठ सरला आणि पानं मऊ पडली. गुरुजींना वाटलं, तहानलंय बिचारं. त्यांनी संध्याकाळीही तांब्या सुरू केला. पानांवर उभ्या सुरकुत्या पडल्या. गुरुजींनी आणखी खत घातलं. खालचं एक पान पिवळं होऊन गळलं. मग दुसरं.

आता यात गुरुजींचं काय चुकलं? सुरकुतलेलं पान बघून कोण माणूस पाणी घालणार नाही?

आषाढात एके दिवशी मुलाची आजी त्याला न्यायला आली. शाळा सुटून बराच वेळ झाला होता. मुलगा गुरुजींच्या पडवीत पाटीवर मान घालून बसला होता. आजीची नजर कुंडीवर गेली.

"गुरुजी, हिला पाणी किती घालता?"

"दोन तांबे. तरी बघा ना आजी, तहान भागतच नाही तिची."

आजीने विचारलं, "कुंडी पालथी करू?"

गुरुजींचा जीव वर-खाली झाला, पण ते 'हो' म्हणाले. आजीने कुंडी आडवी केली आणि रोप बाहेर काढलं. मातीला कुबट वास येत होता. मुळं तपकिरी पडली होती. आजीने एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला.

"ही झाडावर राहते, पण झाडाचं काही खात नाही. नुसती बसायला जागा घेते," आजी म्हणाली. "हिची मुळं उघडी असतात. पाऊस पडला की भिजतात आणि वारा आला की सुकतात. मातीत कोंडलीत, ती कुजली. आता पिणार कशाने?"

गुरुजी गप्प राहिले. पाण्यात उभं राहून रोप तहानेने मरत होतं.

आजीने कात्री मागितली. ती आधी चुलीच्या जाळावर धरली, निवू दिली आणि मग कुजलेलं एकेक मूळ कापलं. रुपेरी, टणक अशी तीनच मुळं राहिली. कापल्या जागी तिने दालचिनीची पूड लावली, पण चांगल्या मुळांना ती लागू दिली नाही. मुलाला तिने बांबूची जुनी परडी आणायला पाठवलं. परडीत लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाचं सोडण घातलं. रोप त्यावर बसवून सुंभाने सैल बांधलं. परडी वळचणीच्या आत टांगली. तिथे सकाळचं कोवळं ऊन येई आणि वाराही लागे.

गुरुजींनी सवयीने तांब्या उचलला.

"आज नको. जखमा सुकू देत," आजी म्हणाली. "पुढेही मुळं रुपेरी दिसली तरच द्या. भिजली की ती हिरवी होतात. हिरवी असेपर्यंत हात आवरा. आणि पानांच्या मधोमध पाणी साचू देऊ नका."

आजी नातवाला घेऊन गेली. गुरुजी रिकामा तांब्या हातात धरून बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला एकही नवीन गणित दिलं नाही. त्याला जवळ बसवलं. अपूर्णांक येईना, म्हणून भागाकार विचारला. भागाकार अडला, म्हणून गुणाकार. गुणाकारही चुकला, म्हणून साधी बेरीज. एक आकडी बेरीज त्याने झटकन केली. दोन आकडी आली आणि तो थांबला. त्याला हातचा येत नव्हता. वर्गात हातचा शिकवला, तेव्हा तो महिनाभर तापाने अंथरुणावर होता. नंतर त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही.

गुरुजींनी मूठभर चिंचोके घेतले आणि दहा-दहाचे ढीग मांडले. त्या आठवड्यात दोघांनी फक्त हातचाच केला.

भाद्रपदात परडीच्या फटीतून नवं मूळ डोकावलं. त्याचं टोक हिरवंगार होतं. दिवाळीला नवं पान आलं. पुढच्या वर्षी फूल आलं नाही. त्याच्या पुढच्या ज्येष्ठात मात्र पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा घोस वेणीसारखा खाली सुटला. मुलगा तोवर वरच्या वर्गात गेला होता. त्याची गणितं अजूनही चुकत, पण आता कुठे चुकलं ते त्याचं त्यालाच सापडे.

बांडगूळ म्हणणारा शेजारी फुलं बघायला आला.

"गुरुजी, खत कुठलं घातलंत?"

"खत नाही हो," गुरुजी म्हणाले. "कुणी सुकलेलं दिसलं, की आधी त्याची मुळं बघावीत. पाणी मागाहून."

शेजाऱ्याच्या दारात तुळस सुकत चालली होती. तो घरी गेला आणि भरलेली कळशी बाजूला ठेवून कुंडीच्या बुडाचं भोक तपासू लागला.