बहुशाखा बुद्धी आणि 'फायनल-२' नावाची फाईल

आजचे चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४१

भगवंत अर्जुनाला सांगतात की या मार्गावर बुद्धी एकच असते, निश्चयाची. ज्यांचा निश्चय झालेला नाही त्यांच्या बुद्धीला फांद्या फुटतात, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि त्याला अंत नसतो. मूळ शब्द आहे 'बहुशाखा'. माऊली इथे दिव्याच्या ज्योतीचा दाखला देतात. ज्योत चिमुकली, पण उजेड केवढा! तशी ही निश्चयाची बुद्धी, थोडी असली तरी तिला कमी समजू नये.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये फोल्डरच्या रचनेला 'ट्री' म्हणतात, झाड. त्यामुळे 'बहुशाखा' हा शब्द आला की मला हसू येतं. आपला लॅपटॉप उघडून बघा ना. 'डाउनलोड्स'मध्ये 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर (२)', त्यात 'फायनल', 'फायनल-२' आणि 'हीच फायनल'. गीतेतली ती अनंत फांद्यांची बुद्धी स्क्रीनवर अशी दिसते.

कुणी म्हणेल, फाईली नीट लावणं हा काय परमार्थाचा विषय झाला? मला वाटतं, आहे. 'फायनल-२' या नावामागे एक न घेतलेला निर्णय असतो. दोन प्रतींपैकी खरी कोणती हे ठरवायचं राहून गेलं, म्हणून दोन्ही ठेवल्या. पसारा म्हणजे अशा निर्णयांची उधारी. ती आपण फेडली नाही तर आपल्या मागचं माणूस फेडतं.

मी अकोल्याचा. म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा, विदर्भातल्या नव्हे. हे दर वेळी सांगावंच लागतं! आमची प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात थबकते, अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. गोदावरीने आणखी खाली गेलं की पैठण. पाण्याच्या या एका वाटेवर ज्ञानेश्वरीच्या बाबतीतल्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. नेवाशाला शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये माऊलींनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये पैठणच्या नाथमहाराजांनी ती शुद्ध केली.

शुद्ध करायची वेळ का आली? मधली जवळजवळ तीनशे वर्षं ग्रंथ हातांनी उतरवला जात होता. कुणाची ओळ सुटली, कुणी जुना शब्द न कळल्यामुळे सोपा घातला. भाव चांगलाच होता, पण हळूहळू पाठ वेगळे होत गेले. आपल्या भाषेत, एकाच फाईलच्या पुष्कळ प्रती झाल्या आणि मूळ कोणती ते कळेना.

नाथांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. पाठ तपासून त्यांनी एक शुद्ध प्रत सिद्ध केली. ती कधी झाली हेही ग्रंथाच्या शेवटी नोंदवलं: शक, संवत्सर, महिना, तिथी, सगळं. मूळ ग्रंथाच्या अखेरीलाही सांगणारा, लिहून घेणारा, गाव आणि शक यांची नोंद आहेच. हल्ली ज्याला आपण 'मेटाडेटा' म्हणतो, ते आपल्या संतांकडे इतक्या आधीपासून आहे! भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो, ती नाथांच्या या कामाची तिथी आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. नाथ स्वतः केवढे कवी! पण त्यांनी ताकीद देऊन ठेवली की या ग्रंथात कुणी आपली ओवी घालू नये. स्वतःची भर न घालता दुसऱ्याचं जसं आहे तसं जपायचं, याला फार निश्चय लागतो.

हे मला नीट कळलं ते वडील गेल्यावर. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांच्या कागदांची एक पत्र्याची पेटी होती. गट नंबरप्रमाणे फडक्यात बांधलेली दप्तरं, पावत्या तारेत ओवलेल्या. वारस नोंदीसाठी सातबारा, आठ-अ, जुने फेरफार लागले, ते पाच मिनिटांत निघाले. त्यांच्या फोनला मात्र मला तीन रविवार लागले. पेटीत एक कागद एकाच जागी राहतो. फोनमध्ये प्रत काढायला काही पडत नाही, म्हणून एकच गोष्ट दहा ठिकाणी.

तात्या भजनी मंडळात चाली म्हणायचे. त्यांच्या आवाजातला हरिपाठ 'एयूडी' आणि पुढे नुसते आकडे अशा नावांखाली पाच वेळा सापडला. चार प्रती फॉरवर्ड होता होता अर्धवट झालेल्या, एक पूर्ण. त्या पूर्ण प्रतीत मधेच कुकरची शिट्टी आहे, कुत्रं भुंकतंय. सॉफ्टवेअर हाताशी होतं, वाटलं, आवाज साफ करून तीच फाईल ठेवावी. तेव्हा नाथांची ताकीद आठवली. शिट्टीसकट ठेवली. ती शिट्टीही आमच्याच घरातली आहे.

मग सगळं कसं लावायचं यावर आई एवढंच म्हणाली, "तुझ्या विंग्रजी नावांनी नको लावू. मला एकटीला सापडलं पाहिजे."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत फोल्डर कसे असावेत याची यापेक्षा चांगली कसोटी मला कुणी सांगितलेली नाही. चार फोल्डर केले: शेत, घर, दवाखाना, भजन. प्रत्येकाच्या आत वर्ष. बस्स. तिसरी फांदी फुटू दिली नाही.

तुम्हाला करायचं असेल तर चार गोष्टी सांगतो.

१. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. '२०२४-०७-१७ आषाढी एकादशी' असं. संगणक नावं डावीकडून लावतो, त्यामुळे फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने उभ्या राहतात.

२. दोन-तीन पायऱ्यांपेक्षा खोल जाऊ नका. खूप फोल्डर करणं हीसुद्धा बहुशाखा बुद्धीच, फक्त इस्त्री केलेली.

३. खरी प्रत एक ठरवा. तिची एक नक्कल दुसऱ्या जागी ठेवा, डिस्क बिघडली तर उपयोगी. बाकीच्या अर्धवट प्रती तपासून मगच काढा.

४. मूळ फाईलला हात लावू नका. सुधारलेली हवी असेल तर वेगळ्या नावाने ठेवा आणि 'सुधारित' असं स्पष्ट लिहा.

एक धोका आहे, तोही सांगतो. कधी कधी आपण नामस्मरण टाळण्यासाठी टेबल आवरतो, आणि टेबल आवरून झालं की डेस्कटॉप. रचना लावण्यातच इतके रमतो की ज्यासाठी लावतोय ते बाजूलाच राहतं. कीर्तनांचे आठशे ऑडिओ वक्त्यांप्रमाणे, विषयांप्रमाणे लावलेले, आणि ऐकलेलं एकही नाही! भगवंत ज्या निश्चयाबद्दल बोलतात तो आधी आतला आहे. मला काय हवंय हे ठरलं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आपसूक ठरतं. उलट क्रमाने ते होत नाही.

म्हणून आजचा नेम अगदी छोटा. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर दहा मिनिटं काढा. एकच फोल्डर उघडा आणि त्यातल्या प्रत्येक फाईलला विचारा: ही कुणासाठी ठेवली आहे? उत्तर मिळालं तर तिला त्या माणसाला समजेल असं नाव द्या. नाही मिळालं तर तिचा निरोप घ्या. दहा मिनिटं झाली की लॅपटॉप बंद. उरलेलं उद्या.

राम कृष्ण हरी!