भाव आणि लोभ



रायपूरच्या चौबे कॉलोनीचे नाव तेथील महाराष्ट्र मंडळामुळे आपल्यापैकी काहींच्या परिचयाचे असेल. याच रायपूर शहरात हर्षद मेहता यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे मुंबईच्या शेअर बाजारात ते 'बिग बुल' म्हणून गाजले आणि बँकांचा पैसा त्यांनी गैरमार्गाने बाजारात वळविल्याचे 1992 साली उघडकीस आले. मला विचारावयाचे आहे ते निराळेच : त्यांच्या मागोमाग ज्या सामान्य गृहस्थांनी आपली पुंजी तेथे ओतली, ते केवळ फसले, की काही दोष त्यांच्याकडेही जातो?

निर्देशांकाला 1,000 वरून 2,000 वर जाण्यास जुलै 1990 ते जानेवारी 1992 असे दीड वर्ष लागले. 3,000 ते 4,000 हा टप्पा मात्र त्याने 1992 च्या एका मार्च महिन्यात ओलांडला. एसीसी ही सिमेंट कंपनी तीच, तिच्या भट्ट्याही त्याच. पण सुमारे 200 रुपयांचा तिचा शेअर 9,000 च्या घरात गेला. असा कारखाना आज नव्याने उभारावयाचा तर किती खर्च येईल ते पाहा, असे समर्थन मेहता करीत. लोकांना ते पटले, कारण शेजाऱ्याला झालेला लाभ डोळ्यांसमोर होता. किमतीला व मनातील भावनेला मराठीत 'भाव' हा एकच शब्द आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते! 28 एप्रिल रोजी निर्देशांक एका दिवसात 570 अंशांनी कोसळला.

तोटा तितक्याच नफ्याच्या जवळजवळ दुप्पट बोचतो, असे डॅनिएल कानेमन व आमोस ट्वर्स्की यांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणूनच मनुष्य पडता शेअर उराशी धरून बसतो; निदान मुद्दल तरी सुटो, म्हणतो. हा मानवी दुबळेपणा होय. त्याला पाप म्हणण्यास मी धजणार नाही.

परंतु ज्याचा स्वतःचा विश्वास उडाला आहे, तो आपली सुटका व्हावी म्हणून तोच शेअर मेहुण्याला वाखाणून सांगतो, तेव्हा काय म्हणावे? नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'लोभ' योजतो, त्या 'प्लेओनेक्सिया'चा मूळ अर्थ 'अधिक असणे' असा आहे. आणि अधिक म्हणजे कोणापेक्षा तरी अधिक.

हर्षद मेहता 31 डिसेंबर 2001 रोजी कोठडीत असताना वारले. पण मनातून धास्तावूनही ज्यांनी इतरांना खरेदीचा सल्ला दिला, त्यांच्यावर खटला कोण भरणार? बाजारात तर घेणाऱ्याचे नावही विकणाऱ्याला कळत नाही.