गोठ्यातील नीतिमत्त्व

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १२:१०; उत्पत्ति ३३:१३-१४; मत्तय ११:२८-३०



मनुष्य नीतिमान आहे की नाही हे पाहायचे झाले, तर आपण सहसा त्याची प्रार्थना ऐकतो, त्याचे दान पाहतो, तो उपासनेला वेळेवर येतो की नाही ह्याची नोंद ठेवतो. शलमोन मात्र आपल्याला हात धरून त्याच्या गोठ्यात नेतो. नीतिमान मनुष्याला आपल्या पशूच्या जिवाची जाणीव असते, असे तो सांगतो. मूळ इब्री भाषेत येथे 'जाणणे' हेच क्रियापद आहे. पशूला चारापाणी देणे हे तर मालक आपल्या फायद्यासाठीही करील. परंतु त्याला कोठे दुखते, तो कशाला भितो, केव्हा थकतो, हे जाणणे वेगळे. त्यासाठी थांबावे लागते, पाहावे लागते.

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. पैनगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत कपाशी आहे. नांगरटीला ट्रॅक्टर आला, तरी कपाशीच्या तासांतून डवरा चालवायला अजूनही पुष्कळ ठिकाणी बैलजोडीच लागते. पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेसराम घराण्याच्या बैलगाड्या निघतात. श्रावणी अमावस्येला पोळा येतो. त्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची विचारपूस करतो. आपण बैलाची पूजा करीत नाही. परंतु आपला शेजारी एक दिवस तरी त्या खांद्यावर हात ठेवतो, आणि आपण तीनशे पासष्ट दिवसांत एकदाही ठेवत नाही, असे असेल तर शलमोनाच्या कसोटीला कोण उतरला?

आता गोऱ्ह्याला कामाला लावण्याचा विचार करू. नवा गोऱ्हा जुवाखाली आला की बिथरतो, तासात मटकन बसतो. मग कोणी शेपूट पिरगाळतो, कोणी तुतारीचा खिळा टोचतो, कोणी वेसणीला हिसका देतो. "मस्ती उतरली पाहिजे," असे म्हटले जाते. पण ती मस्ती आहे हे कोणी ठरवले? बलामानेही असेच ठरवले होते. त्याने गाढवीला तीनदा मारले, आणि वाटेत तलवार उपसून उभा असलेला परमेश्वराचा दूत त्या मुक्या जनावराला दिसत होता, संदेष्ट्याला दिसत नव्हता (गणना २२). जनावर अडते तेव्हा बहुधा काही कारण असते. शिवळ रुतत असेल, खांदा सुजला असेल, खुरात काटा असेल, नुसती भीती असेल. तुतारी उगारणाऱ्याने आधी ते कारण शोधावे.

दूरच्या देशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात लामा व अल्पाका हे उंटाच्या कुळातील प्राणी हजारो वर्षांपासून पाळले जातात. लामा ओझ्यासाठी, अल्पाका लोकरीसाठी. पुढे ते इतर देशांतही गेले. अमेरिकेतील मार्टी मॅगी बेनेट ह्या बाईंनी ह्या प्राण्यांना मायेने कसे हाताळावे हे लोकांना शिकवणे हेच आपले आयुष्याचे काम केले, आणि त्यासाठी देशोदेशी वर्ग घेतले. त्यांच्या शिकवणीचा गाभा साधा आहे. कोपऱ्यात कोंडून, मानेला मिठी मारून धरलेल्या प्राण्याचा तोल जातो, आणि तोल गेला की तो धडपडतो. त्याला स्वतःच्या चार पायांवर नीट उभे राहू द्या, म्हणजे तो शांत होतो. म्होरकीबद्दलही त्यांचा फार आग्रह असतो. लामा मुख्यतः नाकाने श्वास घेतो. म्होरकीचा पट्टा हाडावरून घसरून नाकाच्या मऊ भागावर आला, तर श्वास कोंडतो आणि तो घाबराघुबरा होतो. पाहणारा म्हणतो, हे जनावर द्वाड आहे. खरे तर म्होरकी चुकीची बसलेली असते.

ह्या वर्गांत खरे शिक्षण माणसाचे होते, हे आपण ध्यानात घ्यावे. आपल्याकडचे जाणते शेतकरीही हेच करीत आले आहेत. ते नव्या गोऱ्ह्याला एकटे ओढायला लावत नाहीत. मुरलेल्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपतात. थोरला चालतो, धाकटा त्याच्या पावलाने चालायला शिकतो. ओझ्याचा मोठा भार काही दिवस थोरल्याच्याच खांद्यावर असतो.

देशाचा कायदाही ह्याच बाजूचा आहे. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६५ च्या नियमांनी गाडी ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी मर्यादा घातल्या. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको; विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त नको; जेथे तापमान ३७ अंशांवर जाते, तेथे दुपारी १२ ते ३ काम नको; खिळ्याची काठी तर नकोच. आदिलाबादचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना तिसऱ्या नियमाचे मोल कळेल. परंतु शिपाई पाहत नसताना भर दुपारी बैल सोडतो तो कायद्याच्या धाकाने सोडत नाही. देवाने शब्बाथाची आज्ञा दिली तेव्हा बैल व गाढव ह्यांच्या विसाव्याचेही नाव घेतले (निर्गम २३:१२), हे त्याला ठाऊक असते. त्याच अध्यायात वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले तर त्यालाही हात द्यावा असे आहे. धुऱ्याच्या भांडणाने ज्याच्याशी आपले बोलणे तुटले, त्याचा बैल चिखलात रुतला तर आपण काय करतो?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी ह्यात विशेष बोध आहे. एसावाने बरोबर चलण्याचा आग्रह केला तेव्हा याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले सुकुमार आहेत, दुभती जनावरे आहेत, एक दिवस जरी दामटली तरी कळप मरेल, असे त्याने सांगितले. आणि तो मुलांच्या व गुरांच्या चालीने चालला. आपल्या वर्गातही एखादे मूल अडून बसते. वचन पाठ करीत नाही, मान खाली घालते. त्याला चारचौघांत लाजवणे ही आपली तुतारीच होय. ते घरून उपाशी आले असेल, त्याला अक्षर नीट दिसत नसेल, मागच्या रविवारी कोणी त्याला हसले असेल. कारण कळेपर्यंत थांबणे हाही अध्यापनाचा भाग आहे. पुढच्या धड्याला मुलांना एक काम द्यावे : आठवडाभर घरच्या किंवा शेजारच्या एका जनावराकडे रोज थोडा वेळ पाहावे, आणि त्याला काय आवडते, तो कशाला भितो, हे येऊन सांगावे. नीतिसूत्रांतील ते वचन मुलांना कधी विसरणार नाही.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू. येशू सुतार होता. तो नांगर व जू तयार करीत असे, असे दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर ह्याने लिहून ठेवले आहे. म्हणून भाराक्रांतांना तो आपले जू घ्यायला बोलावतो, तेव्हा खांद्याला न रुतणारे जू म्हणजे काय हे त्याला हाताने माहीत आहे. तो आपल्याला जुंपतो, पण एकटे जुंपत नाही. जोडीला तो स्वतः चालतो. आपण किती वेळा बिथरलो, किती वेळा तासात बसलो! त्याने खिळा टोचला नाही. तो थांबला, आणि आपला खांदा पाहिला.

असा धनी ज्यांना मिळाला, त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक जिवाला, मग तो बैल असो, मजूर असो की लेकरू असो, त्या धन्याची सौम्यता कळली पाहिजे. ती कळावी म्हणून तो आपल्याला साहाय्य करो. आमेन.