न दिसलेला दोष

‘इतकी वर्षं सर्व्हर चालतोय, कधी चुकला नाही, म्हणजे त्यातली फंक्शन्स ठीकच असणार.’ हे विधान अभियांत्रिकीचं वाटतं, पण मुळात ते प्रमाणशास्त्राचं आहे: एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशाच्या बळावर कळतं? सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांनी अभावाचं ज्ञान प्रत्यक्षात बसवलं, धर्मकीर्तीने अनुमानात. एवढ्या वादातही एक अट टिकली. जमिनीवर घडा दिसला नाही म्हणून तो नाहीच असं म्हणायचं, तर असता तर दिसलाच असता अशी स्थिती हवी. अंधारात न दिसलेल्या घड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणाऱ्या प्रवाहांचे, म्हणजे थ्रेडचे, दोष असेच अंधारात असतात, म्हणून ते न आढळणं हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

समजा, दाखले देणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर बिलोली आणि देगलूरहून दोन अर्ज एकाच क्षणी आले आणि दोन थ्रेडनी जन्मतारीख काढायला सी भाषेतलं लोकलटाइम बोलावलं. लिनक्सवर हे फंक्शन उत्तर स्वतःच्या एकाच कायमच्या जागेत लिहितं आणि तिचा पत्ता हाती देतं. पहिला थ्रेड ते वाचायच्या आत दुसऱ्याने तिथे लिहिलं, तर बिलोलीच्या दाखल्यावर देगलूरची जन्मतारीख छापली जाईल. सर्व्हर बंद पडणार नाही, नोंदवहीत चूक उमटणार नाही. दोन थ्रेडची प्रत्येकी दहा पावलं 1,84,756 क्रमांनी गुंफली जाऊ शकतात. चाचणीत त्यांतले कोणते येतील, हे आपल्या हातात नसतं. थेराक-25 या किरणोपचार यंत्रात असाच क्रमाचा दोष होता. 1986 मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे सरावलेल्या हातांनी माहिती झटपट दुरुस्त केली, तेव्हा तो उघड झाला. दोन रुग्णांना घातक मात्रा मिळाली आणि ते दगावले. त्याआधी तिथे असंख्य उपचार सुरळीत झाले होते. तो सुरळीतपणा कशाचाच पुरावा नव्हता.

यावर कोणी म्हणेल, थ्रेडचे असे दोष पकडणारी थ्रेड सॅनिटायझरसारखी साधनं आहेत की. आहेत, आणि ती वापरावीतच. पण प्रोग्राम ज्या वाटेने प्रत्यक्ष गेला, तेवढंच ती पाहतात. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अशाने सुरक्षितता कधीच कळणार नाही. तसं नाही, नजर दुसरीकडे वळवावी लागते. एनएम या साधनाने प्रोग्राम बाहेरून कोणती फंक्शन्स मागवतो त्यांची यादी निघते. पॉझिक्स मानकात थ्रेडसुरक्षित असण्याचं बंधन नसलेल्या फंक्शन्सची यादी आहे, आणि जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या पुस्तिकेत फंक्शनागणिक शेरा आहे. या याद्या जुळवून पाहिल्या की संशयित पुढे येतात. हे शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू जाणकाराचं वाक्य, झालं, आणि आप्तवाक्य कोणाविषयी आहे हे पाहणं तिथे आलंच. स्ट्रटॉक हे फंक्शन मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत प्रत्येक थ्रेडला वेगळी जागा देतं, जीलिबसीत देत नाही. एकाचं वाक्य दुसऱ्याला लावता येत नाही. शब्दाबद्दलही शंका उरली, तर मूळ संहिता उघडावी. बदलती सामायिक जागा तिथे असेल तर ती लिहिलेली असते. म्हणून त्या फंक्शनची आणि ते ज्यांना बोलावतं त्या सगळ्यांची संहिता वाचून ती सापडली नाही, तर ते न सापडणं खरंच प्रमाण ठरतं. संहिता हाती नसलेल्या लायब्ररीत ही सोय नाही. तिथे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप लावावं, आणि उत्तर स्वतःच्या जागेत उतरवून होईपर्यंत ते सोडू नये.