चिखलातले मूल आणि वाळवंटातले मूल

प्रपंच आणि परमार्थ हे दोन शब्द मराठीत नेहमी जोडीने वावरतात, आणि रोजच्या वापराने त्यांच्यामधला ताण झिजून गेला आहे. 'प्रपंच' या शब्दाचा मूळ अर्थ विस्तार किंवा पसारा असा आहे. वेदान्तात तो पंचमहाभूतांच्या दृश्य जगाला लावला जातो, तर मराठी बोलण्यात तो घर, शेती, चूल आणि मुलेबाळे यांच्यापुरता उरतो. 'परमार्थ' म्हणजे परम असा अर्थ, ज्यासाठी जगावे असे अंतिम साध्य. जगाच्या पसाऱ्याला आणि घराच्या पसाऱ्याला एकच शब्द लावणाऱ्या या भाषेत एक जुना प्रश्न दडलेला आहे: परसात रोप लावणे, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणे, रांगत्या मुलावर नजर ठेवणे ही कामे माणसाला परम अर्थापासून दूर नेतात, की त्या अर्थाची वाट त्यांच्यामधूनच जाते?

हा प्रश्न बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुकसारख्या ठिकाणी ठेवून पाहिला, तर त्याला केवळ ग्रंथांतल्यापेक्षा अधिक धार येते. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला आणि अवर्षणाच्या या पट्ट्यात बागायत आली. १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हाच गावाच्या प्रपंचाचा कणा झाला. काही किलोमीटरवरच्या बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपले काव्य रचले, आणि तेथेच दर आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी मुक्काम करून काटेवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरीकडे जाते. म्हणजे कालव्याच्या पाण्यावर पोसलेले घर आणि वर्षातून एकदा घर सोडून निघालेली दिंडी ही दोन्ही दृश्ये या परिसराला सारखीच परिचित आहेत.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार आश्रमव्यवस्थेच्या चौकटीत केला. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास या चार आश्रमांपैकी गृहस्थाश्रम बाकी तिघांना अन्न पुरवतो, म्हणून तो श्रेष्ठ, असे मनुस्मृती सांगते. छांदोग्य उपनिषदाचा शेवटही अध्ययन करणाऱ्या, संतती धर्मशील करणाऱ्या आणि प्राणिमात्रांना न दुखावणाऱ्या गृहस्थाला ब्रह्मलोक मिळतो, असे सांगून होतो. दुसरीकडे, वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे, असे जाबालोपनिषद म्हणते. परंतु श्रेष्ठकनिष्ठतेच्या या वादापेक्षा मनुस्मृतीतील 'पंचसूना' ही कल्पना अधिक खोल जाते. सूना म्हणजे वधस्थान. चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने होत, कारण जाळताना, दळताना, झाडताना, कांडताना आणि पाणी भरताना नकळत जीवहत्या होतेच. या पापाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत: अध्ययन-अध्यापनाचा ब्रह्मयज्ञ, पितरांच्या तर्पणाचा पितृयज्ञ, होमाचा देवयज्ञ, जीवमात्रांसाठी अन्नाचा वाटा काढण्याचा भूतयज्ञ आणि अतिथीला जेवू घालण्याचा मनुष्ययज्ञ. या मांडणीचा गाभा असा की घर कितीही नेटके असले तरी ते निरुपद्रवी नसते. ते कोणाच्या तरी जिवावर चालते आणि म्हणून ते जन्मतःच ऋणी असते.

संतांनी याच घराकडे पाहिले आणि त्यांना तेथे वेगळे काही दिसले. नामदेवांच्या घरची दासी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनाबाईच्या कथांमध्ये विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, केर काढतो आणि पाणी भरतो. ही यादी पंचसूनांच्या यादीशेजारी ठेवली, तर एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की स्मृतिकाराने ज्या जागांना वधस्थाने म्हटले, जवळजवळ त्याच जागी संतपरंपरेने देवाला कामाला लावले आहे. माढा तालुक्यातील अरणचे सावता माळी यांच्या कथेत तर देव मळ्यातच येऊन राहतो. नामदेवांना चुकवून आलेल्या विठ्ठलाला सावतोबा आपल्या पोटात लपवतात, अशी ती कथा आहे. भाजीपाल्याच्या वाफ्यांतच त्यांना विठ्ठल दिसला, मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, अशी श्रद्धा आहे, आणि म्हणूनच इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जात असताना अरणला मात्र पांडुरंगाची पालखी भेटीला येते. येथे काम हे निष्कृती मागणारे पाप उरत नाही; ते भेटीचे ठिकाण होते.

या दोन दृष्टींना सोयीसाठी ऋणाची दृष्टी आणि सान्निध्याची दृष्टी असे म्हणता येईल. पहिली गृहस्थाला विचारते की तो कोणाचे देणे लागतो. दुसरी त्याला सांगते की देव हाताशीच आहे. भक्तीच्या उत्कटतेमुळे दुसरी दृष्टी लोकप्रिय झाली आणि 'काम हीच पूजा' अशा सुटसुटीत वाक्यात ती आक्रसलीही. ती एकटी पुरेशी आहे का, याची कसोटी परंपरेनेच एका भीषण कथेत घेऊन ठेवली आहे.

ती कथा तेरच्या गोरोबा कुंभारांची. महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) या संतचरित्रग्रंथाने आणि कीर्तनकारांनी ती घरोघरी नेली. पत्नी पाण्याला जाताना मुलाकडे लक्ष ठेवण्यास सांगून जाते. गोरोबा माती तुडवताना नामस्मरणात देहभान विसरतात. रांगत आलेले मूल चिखलात तुडवले जाते. पुढे कीर्तनाच्या रंगात मूल परत मिळते आणि कथा सुखान्त होते, म्हणून श्रोता सहसा तिच्यातील पेचाजवळ थांबत नाही. वास्तविक सान्निध्याच्या दृष्टीने पाहता गोरोबांचे काहीच चुकलेले नाही: हातात धंद्याचे काम आहे, मुखी नाम आहे, मन विठ्ठलाशी आहे. चुकले ते एवढेच की त्या तल्लीनतेत एका रांगत्या जिवाला जागा उरली नाही. पाण्याचा घडा घेऊन परतलेल्या आईचा आक्रोश हा त्या तल्लीनतेवरचा आक्षेप आहे, आणि परंपरेने तो दडपून टाकला नाही, हे तिचे मोठेपण आहे. मूल जिवंत करण्यासाठी देवाला यावे लागते, याचाच अर्थ असा की मुलावाचून ती भक्ती कथेलाही पुरी वाटत नाही.

येथे 'अवधान' हा शब्द उपयोगी पडतो. अवधान म्हणजे लक्ष, पण एकाच बिंदूवर रोखलेले लक्ष एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो ध्यानाला लागू पडेल, घराला नाही. घरातील अवधान पसरलेले असते: दूध उतू जाऊ न देता भाकरी थापणारी आणि त्याच वेळी उंबऱ्याकडे सरकणाऱ्या बाळाची चाहूल घेणारी बाई एका वेळी तीन ठिकाणी असते. योगशास्त्राच्या भाषेत याला चित्ताची चंचलता म्हटले जाईल. परंतु गोरोबांची कथा नीट वाचली, तर या पसरलेल्या अवधानालाच साधनेचा एक स्वतंत्र प्रकार मानावे लागते.

माळेगावासारख्या गावातील घरे हे अवधान मुलांना उपदेशाने शिकवत नाहीत. सण आणि हातकाम यांतून ते मुलांच्या अंगवळणी पडते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतो, तेव्हा शेतातली माती घरात येते, पत्रावळीवर किंवा परडीत पसरली जाते, तिच्यात धान्य पेरले जाते आणि मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवला जातो. हा विधी म्हणजे देवघरातली नऊ दिवसांची शेतीच होय. लहान मुलाला त्यात उगवण दिसते, पाणी जास्त झाले की दाणा कुजतो हे कळते, आणि उत्सुकतेपोटी माती उकरून पाहायची नसते हेही कळते. दसऱ्याला ते पिवळसर कोंब टोपीत खोवले जातात, तेव्हा वाट पाहणे हेही धर्माचे अंग आहे, ही गोष्ट शब्दांवाचून त्याच्यापर्यंत पोचलेली असते. बैलांच्या सणाला चिकणमातीचे बैल होतात, दिवाळीत मातीचा किल्ला होतो आणि त्याच्या उतारावर अळीव पेरून हिरवळ उगवून घेतली जाते. गोरोबांच्या कथेत मुलाला गिळणारा चिखल येथे मुलाच्याच हाती दिला जातो, हा फरक लहान नाही.

परसात मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारा अळू, दारचा शेवगा आणि कढीपत्ता, कुंपणावर चढलेला घेवड्याचा वेल यांच्यातही असेच एक शिक्षण आहे, कारण तेथे घरातले टाकाऊ पाणी वाया न जाता ताटात परत येते. वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण, हीच गोष्ट कापडाच्या भाषेत सांगते. आजीच्या विरलेल्या लुगड्याचे दुपटे होते आणि नव्या जिवाला पहिला स्पर्श जुन्या पिढीच्या वस्त्राचा होतो. पितृयज्ञाला तर्पणाबाहेर अर्थ द्यायचा झाला, तर तो येथे सापडतो. 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग'पासून आला, त्याचा अर्थ थोरला, आणि 'खुर्द' म्हणजे धाकटा. माळेगाव बुद्रुक आणि शेजारचे माळेगाव खुर्द या जोडनावांत गावांना जे नाते दिले आहे, तेच वाकळीच्या टाक्यांनी घरातल्या थोरल्याधाकट्यांत जोडले जाते.

एवढ्यावर विवेचन थांबवले, तर ते कुंपणाच्या आतले सुखचित्र ठरेल आणि ऋणाची दृष्टी पुन्हा बाजूला पडेल. कार्तिकात तुळशीच्या लग्नासाठी अंगणातल्या वृंदावनावर उसाचा मांडव उभारला जातो. त्याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. या व्यवसायात नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. हंगामाआधी मुकादमामार्फत मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल', आणि ती फेडण्यासाठी जोडीने तोडणी करायची असते. संसाराच्या एककाला येथे हत्याराचे नाव मिळाले आहे. या कुटुंबांनाही चूल आहे, घडा आहे, केरसुणी आहे, म्हणजे पंचसूना सगळ्या आहेत. परंतु कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीपुढे, चार महिन्यांनी फळेल असे काही लावण्यात अर्थ नसतो, आणि पहाटे फडात निघालेल्या आईला बाळ बांधाच्या कडेला झोळीत ठेवावे लागते. साखरशाळा, म्हणजे अशा मुलांसाठी हंगामापुरत्या चालवलेल्या शाळा, ही कल्पना याच वास्तवातून आली. फडाच्या कडेचे ते मूल गोरोबांच्या मुलाइतकेच धोक्यात असते. फरक एवढाच की तेथे आईबापांचे लक्ष नामात गुंतलेले नसून उचलीत अडकलेले असते.

भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ यांचा प्रश्न आजच्या गृहस्थापुढे या ठिकाणी उभा राहतो. स्मृतीतील भूतयज्ञाला मोठी मर्यादा होती: कुत्रे, कावळे आणि किडे यांच्याबरोबर समाजाने बहिष्कृत केलेल्या माणसांसाठीही अन्न जमिनीवर ठेवावे, असे तो सांगतो, म्हणजे ऋण मान्य करतानाही अंतर राखतो. हे अंतर मोडले पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९), आणि ते मोडताना ते संन्यासी नव्हते, मुलाबाळांचे गृहस्थ होते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे मूल त्यांनी उचलून कडेवर घेतले, त्याचे नाकडोळे पुसले आणि त्याला त्याच्या घरी पोचवले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ती नुसती दयेची कथा म्हणून सांगितली जाते. गोरोबांच्या कथेशेजारी ठेवली, तर ती तिचे उत्तर ठरते. एकीकडे देवाशी तल्लीन झालेल्या बापाला स्वतःचे मूल दिसत नाही, दुसरीकडे स्नानसंध्येच्या वाटेवरील गृहस्थाला परक्याचे मूल दिसते आणि त्यासाठी तो सोवळे मोडतो. सान्निध्याची आणि ऋणाची दृष्टी तेथे एकाच कृतीत येतात, कारण नाथांना त्या मुलात देवही दिसला आणि देणेही दिसले.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की प्रपंच परमार्थाच्या आड येत नाही, हे संतांचे म्हणणे खरे आहे, पण ते आश्वासन म्हणून घेण्यापेक्षा अट म्हणून घेतले पाहिजे. मळा, मडके, वाकळ आणि मूल यांत देव भेटतो, तो त्यांत गुंतलेल्या माणसाचे अवधान जितके पसरलेले असेल तितक्या प्रमाणात. आधी ते स्वतःच्या रांगत्या मुलापर्यंत पोचावे लागते आणि मग कुंपण ओलांडून ज्याच्या श्रमाने घरात साखर येते त्याच्या मुलापर्यंत. तुळशीच्या लग्नात मांडवाचे ऊस उभे करताना घरातले मूल जर विचारू लागले की हा ऊस कोणी तोडला आणि त्यांची मुले कुठे आहेत, तर त्या घराचा ब्रह्मयज्ञ, म्हणजे शिकणे आणि शिकवणे, त्या प्रश्नापासून सुरू होतो, आणि त्याचे खरे उत्तर देण्याची जबाबदारी घरातल्या बुद्रुकांवर पडते.