निजलेले बाळ आणि जागे बाळ

नवजात बाळाचे छायाचित्र ते निजलेले असता काढावे की जागे असता, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटेल. परंतु वाचकहो, किंचित थांबून विचार केल्यास त्यात नीतीचाही प्रश्न दडलेला आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

व्यावसायिक छायाचित्रकार बहुधा निद्रिस्त बाळ पसंत करतात. जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे त्यांना सोयीचे वाटतात. कारण त्या काळात बाळ दिवसातून सुमारे १४ ते १७ तास झोपते आणि त्याचे अंग सहज दुमडता येते. अशा चित्रात असत्य काही आहे, असे म्हणता येणार नाही. जो जीव दिवसाचा बहुतेक काळ निद्रेत घालवतो, त्याची निद्रा टिपणे हे त्याचे खरेच रूप टिपणे होय.

मग प्रश्न कोठे उद्भवतो? दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून निजलेल्या बाळाचे चित्र आपण पाहिले असेल. वस्तुतः नवजात बाळाच्या मानेला डोक्याचा भार पेलत नाही. म्हणून जाणता छायाचित्रकार दोन चित्रे घेतो: एकात कोणी डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे; आणि मग दोन्ही जोडून धरणारे हात पुसून टाकतो. विचार करा, ज्या हातांनी बाळाला सावरले, तेच हात चित्रातून नाहीसे होतात! शैशवाचे सर्वांत मोठे सत्य म्हणजे परावलंबन. आणि सौंदर्यासाठी आपण नेमके तेच झाकतो.

शिवाय जागे बाळ नकार देऊ शकते. ते तोंड फिरवते, कपाळाला आठ्या घालते, रडते. निजलेल्याला हे साधन फारसे उरत नाही. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याविषयीची आपली जबाबदारी उणी होत नाही, उलट वाढते.

तर मग जागेपणीचेच चित्र श्रेष्ठ मानावे काय? तेथेही सावधगिरी हवी. नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. छातीशी घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. जन्मतःच त्याची दृष्टी मानवी चेहऱ्याकडे ओढ घेते. अशा क्षणी आपण आपला चेहरा कॅमेऱ्याआड लपवला, तर ते पाहणार कोणाकडे? त्याची शांत जागृती अल्पकाळच टिकते; तिच्यावर पहिला अधिकार आपल्या चेहऱ्याचा आहे, चित्राचा नंतर.

तेव्हा निर्णय मिटलेल्या वा उघड्या डोळ्यांवर अवलंबून नाही. बाळाच्या वेळेसाठी आपण थांबतो, की आपल्या वेळेसाठी त्याला वाकवतो, ही खरी कसोटी आहे. ते निजले असेल तर जसे निजले आहे तसेच टिपावे. जागे असेल तर एकाने त्याच्या नजरेला नजर द्यावी आणि दुसऱ्याने चित्र घ्यावे. आणि चित्रात आधाराचा हात आलाच, तर तो पुसू नये. उद्या मोठे झालेले ते मूल चित्र पाहील, तेव्हा आपण किती देखणे होतो यापेक्षा आपल्याला कोणी धरले होते, हेच त्याला अधिक मोलाचे वाटेल.