साधन आणि साधक

साधन बदलले म्हणजे साधक बदलतो काय, हा प्रश्न आपल्या अध्यात्मविचारात फार जुना आहे. आणि एका मंत्रावरून दुसऱ्या मंत्राकडे, एका गुरूच्या पायांवरून दुसऱ्या गुरूच्या पायांकडे जाणाऱ्या प्रत्येक जिज्ञासूला त्याचे उत्तर आज ना उद्या स्वतःपुरते द्यावेच लागते. या प्रश्नाचा विचार मी येथे नादाच्या आश्रयाने करू इच्छितो; कारण जेथे कान साक्षीदार असतो, तेथे आत्मवंचनेला वाव फार थोडा उरतो.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचे हरसूल आणि त्याच्या भोवतालचा पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हारपर्यंतचा डोंगरी मुलूख हा कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांचा मुलूख होय. या मुलखात बोहाड्याचा उत्सव होतो. गणपती, सरस्वती, मागाहून देव, दैत्य आणि वीर अशी एकामागून एक सोंगे मुखवटे धारण करून रात्री रिंगणात येतात, आणि संबळ व पिपाणी त्यांना नाचवितात. सोंग बदलले की वाद्यांची चालही पालटते. मुखवट्याच्या आत मात्र भात आणि नागली पिकविणारा गावचाच एक मनुष्य असतो. त्याच्या अंगी त्या घटकेपुरते जे देवत्व येते ते मुखवट्याने दिलेले खरे. पण ज्याचे पाऊल संबळाकडे लक्ष देत नाही, त्याच्या चेहऱ्यावर मुखवटा कितीही तेजस्वी असला तरी सोंग उभे राहत नाही. प्रश्नाची पहिली गाठ येथे आहे: साधन शक्ती देते, पण ती ग्रहण करण्याचे काम साधकाच्या अवधानावर सोपविते.

हीच गाठ आजच्या विद्युत्गिटाराच्या वादकापुढे निराळ्या वेषात उभी राहते. गिटारच्या तारांच्या कंपनांमुळे उपजणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण असतो, की मुख्य अँप्लिफायरकडे जाण्यापूर्वी त्याला प्रीअँपने बळ आणि वर्ण द्यावे लागतात. ब्रूस एग्नेटर या अमेरिकन रचनाकाराने हा प्रीअँपच सुटा करून, खोबणीत बसविता व काढता येईल अशा मॉड्यूलच्या रूपाने सिद्ध केला. त्यामुळे पेटी तीच, गिटार तेच, बोटेही तीच, आणि मॉड्यूल बदलताच ध्वनीचा स्वभाव निराळा, अशी सोय झाली. ही सोय मोठी आहे, आणि तिच्या पोटातला मोहही तितकाच मोठा आहे. ध्वनी मनासारखा येईना की वादक नॉबवरचा हात काढून घेतो आणि दुसऱ्या मॉड्यूलची तजवीज करू लागतो; ऐकण्याचे कष्ट तो खरेदीने फेडू पाहतो.

वास्तविक प्रीअँपवरच्या त्या तीन नॉबांची, म्हणजे बेस, मिडल आणि ट्रेबल यांची, घडण विचार करण्याजोगी आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या धाटणीच्या मंडलात ही योजना केवळ रोधक आणि धारित्रे यांची असते. ती ध्वनीत कशाचीही भर घालीत नाही, फक्त वजाबाकी करते. नॉब पुढे फिरविला म्हणजे आपण काही वाढविले असे वाटते, प्रत्यक्षात आपण कापणे कमी केलेले असते; तिन्ही नॉब शून्यावर आणले तर ध्वनी जवळजवळ लोपतोच. शिवाय तिघांचे अधिकार परस्परांत गुंतलेले आहेत: ट्रेबल हलविला की मिडलचा परिणाम पालटतो, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला वगळून लावता येत नाही. उपनिषदांतील ‘नेति नेति’ची पद्धत मला येथे प्रत्यक्ष हाताखाली आल्यासारखी वाटते. इष्ट स्वर आपण निर्माण करीत नाही. त्यावर आलेले अनिष्ट दूर सारीत जातो, आणि जे उरते त्याला मान्यता देतो.

मग एकदा साधलेले आकडे कागदावर मुक्रर करून ठेवले तर काय बिघडले? बिघडते ते असे, की फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 साली दाखवून दिल्याप्रमाणे ध्वनी मंद असता मानवी कानाला खालचे स्वर त्या मानाने कमीच ऐकू येतात. म्हणून बंद खोलीत हलक्या आवाजावर लावलेला समतोल मोठ्या आवाजावर जड आणि गढूळ होतो. आणि भिंतींचा प्रतिध्वनी नसलेल्या उघड्या मैदानात तोच पुन्हा तिसरे रूप धारण करतो. आकडे तेच राहतात, त्यांचे सत्य मात्र स्थळकाळाबरोबर निघून जाते. ज्या कर्मकांडात विधी शाबूत असून श्रद्धा आटलेली असते, त्याची कैफियत याहून वेगळी नाही.

यावरून कोणी म्हणेल, की मग योग्य स्वर असे काही नाहीच; ज्याला जे रुचेल ते खरे. हा निष्कर्ष मला मान्य नाही. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबदफ्तराचा प्रमुख, असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात बावीस श्रुतींची प्रतीती आणून देण्यासाठी त्याने दोन वीणा घेतल्या आहेत: एक ध्रुव, जिला हात लावावयाचा नाही, दुसरी चल, जिच्या तारा पायरीपायरीने उतरवावयाच्या. दुसऱ्या उतरणीला चलवीणेचे गांधार आणि निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवताशी एकरूप होतात. जे हलते त्याचे मोजमाप न हलणाऱ्याच्या सान्निध्यातच होऊ शकते, हे या प्रयोगाचे मर्म होय. दोन्ही वीणा हलू लागल्या तर तफावत राहील, परंतु ती किती हे सांगणारा कोणी राहणार नाही. साधकाच्या ठिकाणी ही ध्रुववीणा म्हणजे त्याचे निःस्वार्थ श्रवण. आवडनिवड बाजूला सारून जे आहे ते ऐकण्याची त्याची तयारी.

ही तयारी कोकणा समाजातील थाळगानात मला अत्यंत निर्मळ रूपात दिसते. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी बसवावयाची आणि तिच्यावरून बोटे ओढीत अखंड घुमणारा नाद काढावयाचा, एवढेच ते साधन. त्या नादावर रात्र रात्र देवदेवतांच्या कथा गाइल्या जातात. मेणाचा सांधा सैल पडला की नाद बसतो, आणि मेण पुन्हा दाबून काडी बसविल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. ही दुरुस्ती पूजेच्या पूर्वतयारीत मोडते असे मी मानीत नाही. तिच्यातच पूजेचा प्रारंभ झालेला असतो, कारण त्या क्षणी गाणाऱ्याची इच्छा थांबलेली असते आणि थाळी काय मागते याकडे त्याचा कान लागलेला असतो.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: साधन बदलल्याने साधक बदलत नाही, परंतु साधन लावता लावता तो बदलू शकतो. अधिकारभेदाने साधने अनेक असावीत हे आपल्या परंपरेने मानलेच आहे, आणि एखाद्याच्या स्वभावाला एक मुखवटा, एक मंत्र किंवा एक मॉड्यूल दुसऱ्याहून अधिक मानवेल, हेही निर्विवाद आहे. मात्र निवड हा एका दिवसाचा मामला आहे आणि श्रवण हा रोजचा. ज्याने एकाच साधनापाशी थांबून त्यातले अनिष्ट वजा करण्याचा अभ्यास केला, त्याला पुढे दुसरे साधन हाती आले तरी भय नाही. ज्याने तो अभ्यास टाळला, त्याला जगातील सर्व साधने मिळूनही त्याचा स्वर त्याच्यापासून दूरच राहील.